नाव एकाचं, आवाज अनेकांचे : ॲलन पार्सन्स प्रोजेक्टची चढण आणि उतरण

मराठी घरात ‘प्रोजेक्ट’ हा शब्द साधारण दोघांच्या तोंडून ऐकू येतो. शाळकरी मुलगी रात्री दहा वाजता सांगते, की उद्या प्रोजेक्ट द्यायचाय आणि थर्माकोल हवाय. हिंजवडीला जाणारा तिचा काका सांगतो, की प्रोजेक्ट संपला, आता पुढचा मिळेपर्यंत बेंचवर. दोन्हींत अर्थ तोच : काम ठरलेलं, माणसं नेमलेली, मुदत बांधलेली. रॉक संगीतात याच्या बरोबर उलटा शब्द चालतो, तो म्हणजे बँड. बँड म्हणजे कोवळ्या वयात जमलेली टोळी. एका शहरातली, एकमेकांवर जीव टाकणारी आणि पुढेमागे एकमेकांना कोर्टात खेचणारी. बँड फुटला की चाहते हळहळतात. प्रोजेक्ट फुटत नाही, तो नुसता बंद होतो.

त्यामुळे ‘द ॲलन पार्सन्स प्रोजेक्ट’ हे नाव रॉकच्या इतिहासात जरा उपऱ्यासारखंच राहिलं. १९९९ साली आलेल्या ‘ऑस्टिन पॉवर्स’च्या दुसऱ्या सिनेमात खलनायक आपल्या महाभयंकर लेझरला हेच नाव देतो. संगीताशी काही संबंध नसलेल्या प्रेक्षकालाही हे नाव एखाद्या सरकारी विज्ञान योजनेसारखं वाटतं, हा त्यातला विनोद. १९७६ ते १९८७ या काळात या नावाखाली दहा अल्बम आले. त्यांतलं एक गाणं अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. दीड-दोन मिनिटांची एक वाद्यरचना शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघाच्या खेळाडूंची ओळख करून देताना वाजते आणि ती करोडो लोकांच्या कानांत बसली आहे. एवढं होऊनही, रस्त्यात समोर आला तर ओळखू येईल असा एकही चेहरा या नावाशी जोडलेला नाही.

हे काही अपघातानं घडलं नव्हतं. चेहरा नसणं हीच या प्रयोगाची मूळ कल्पना होती आणि त्याचं यश तिच्यातूनच आलं. पुढच्या उतरणीचं कारण समीक्षक बहुतेक वेळा बाहेर शोधतात : पंकची लाट, एमटीव्ही, ऐंशीच्या दशकातले प्लॅस्टिकसारखे वाजणारे ड्रम. या सगळ्यांचा थोडाफार हात असेलही. पण दहाही अल्बम क्रमानं ऐकले, की उतरण आतूनच सुरू झालेली ऐकू येते, आणि तिचा संबंध आवाज कोणाचा आणि नाव कोणाचं या प्रश्नाशी आहे.

*

१९७४च्या उन्हाळ्यात लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या कँटीनमध्ये दोन माणसं भेटली. ॲलन पार्सन्स तेव्हा पंचविशीत होता. विशीच्या आतच तो या स्टुडिओत लागला होता. बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ या अल्बमवर त्यानं सहायक ध्वनिमुद्रक म्हणून काम केलं होतं आणि १९६९च्या जानेवारीत बीटल्स गच्चीवर शेवटचं वाजवायला उभे राहिले, तेव्हाही तो तिथे कामावर हजर होता. १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चा तो ध्वनिमुद्रक. ‘टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीला एकदम खणखणणारी घड्याळं त्यानं एका जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन आधीच टिपून ठेवली होती. त्या अल्बमच्या वेळी आपला पगार आठवड्याला ३५ पौंड होता, असं त्यानं अनेकदा सांगितलं आहे. तो अल्बम पुढे किती खपला हे सांगायची गरज नाही.

दुसरा एरिक वुल्फसन. ग्लासगोचा, वयानं पार्सन्सपेक्षा तीनेक वर्षांनी मोठा. पियानो वाजवायचा, इतरांसाठी गाणी लिहायचा आणि व्यवहारात हुशार होता. ‘कुंग फू फायटिंग’ गाणाऱ्या कार्ल डग्लसचं व्यवस्थापन तो बघत होता. तो पार्सन्सचा मॅनेजर झाला. निर्माता म्हणून पार्सन्सचं तेव्हा चांगलंच बस्तान बसत होतं. पायलट आणि कॉकनी रेबेल या दोन्ही बँडची त्यानं निर्माण केलेली गाणी १९७५ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली.

वुल्फसनच्या डोक्यात एडगर ॲलन पोच्या कथांवर अल्बम करण्याचं जुनं स्वप्न होतं. त्याला त्यानं एक तर्क जोडला. सिनेमात आता लोक नटाऐवजी दिग्दर्शकाचं नाव बघून तिकीट काढतात. हिचकॉकचा सिनेमा, कुब्रिकचा सिनेमा. मग रेकॉर्डच्या बाबतीत तसं का होऊ नये? निर्माता हा दिग्दर्शक मानायचा. गाणं ही पटकथा, आणि त्या त्या भूमिकेला शोभेल असा गायक निवडायचा. गायक येईल, आपलं गाणं गाईल आणि जाईल. रेकॉर्डवर नाव राहील ते दिग्दर्शकाचं.

हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेल्या आपल्या कानांना यात काहीच नवल वाटणार नाही. गाण्यागणिक गायक बदलणं, रचना संगीतकाराच्या नावानं ओळखली जाणं, स्टुडिओतले वादक निनावी असणं हे सगळं आपण गृहीतच धरलेलं असतं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतला भरगच्च वाद्यवृंद रचणाऱ्या गोव्याच्या सेबॅस्टियन डिसूझांचं नाव किती श्रोत्यांना ठाऊक होतं? फरक एवढाच, की आपल्या पार्श्वगायनाला पडदा असतो. आवाज निराकार असला तरी डोळ्यांसमोर देव आनंद किंवा नूतन असते. वुल्फसन आणि पार्सन्सनी पडद्याविना पार्श्वगायन मांडलं. मग ऐकणाऱ्यानं पाहायचं कशाकडे? त्यांचं उत्तर होतं : विषयाकडे. पोच्या कथा, यंत्रमानव, पिरॅमिड, जुगार. अल्बमचा विषय हाच त्यांचा पडदा होता. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची पडझड पडद्यापासूनच सुरू होते.

*

‘टेल्स ऑफ मिस्टरी अँड इमॅजिनेशन’ १९७६ साली आला. त्यात ‘द टेल-टेल हार्ट’साठी आर्थर ब्राउनला बोलावलं होतं. स्वतःच्या कार्यक्रमात डोक्यावर पेटतं शिरस्त्राण घालून गाणारा हा माणूस खुनाची कबुली देणाऱ्या वेड्याच्या भूमिकेत इतका चपखल बसतो, की निवडीची कल्पना एकाच गाण्यात पटते. ‘द रेव्हन’मध्ये तर माणसाचा आवाजच व्होकोडरमधून गाळून घेतला आहे, तो शब्द उच्चारणाऱ्या वाद्यासारखा वाटतो. दुसऱ्या बाजूला ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ ही जवळपास पंधरा-सोळा मिनिटांची वाद्यवृंदाची मालिका आहे. तिच्यात अँड्र्यू पॉवेलची वाद्यवृंद-रचना आहे, पाऊस आहे, गडगडाट आहे आणि गायक अजिबात नाही. ऑर्सन वेल्सनं या अल्बमसाठी केलेलं वाचन हाती आलं तोवर अल्बम पुरा झाला होता. ते १९८७च्या सुधारित आवृत्तीत घेतलं गेलं.

वर्षभरात ‘आय, रोबॉट’वर अल्बम करायचं ठरलं. वुल्फसन थेट आयझॅक असिमॉव्हशी बोलला. असिमॉव्हला कल्पना आवडली, पण पुस्तकाचे हक्क आधीच विकले गेले होते. तोड अशी निघाली, की नावातला स्वल्पविराम काढून टाकायचा. ‘आय रोबॉट’ (१९७७) बिलबोर्डवर नवव्या क्रमांकापर्यंत गेला आणि माझ्या मते प्रोजेक्टची कल्पना सर्वांत पूर्ण उतरली ती इथेच. शीर्षकरचनेत सिंथेसायझरचा एकसुरी ठोका चालू राहतो आणि त्यावर मानवी कोरस हळूहळू चढत जातो. यंत्र आधी आणि माणूस मागाहून, हा क्रम शब्दांवाचून कळतो. ‘सम अदर टाइम’मध्ये कडवी पुरुषाच्या आवाजात आहेत आणि ध्रुवपद स्त्रीच्या. दोन्ही आवाज पोतानं इतके जवळचे आहेत, की पहिल्यांदा ऐकताना सांधा लक्षातच येत नाही. स्वतःची ओळख हरवण्यावरच्या गाण्यासाठी याहून नेमकी गायकांची निवड सुचणं कठीण. अल्बमची शेवटची रचना ‘जेनेसिस सीएच.१ व्ही.३२’. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात एकतीसच वचनं आहेत. बत्तिसावं म्हणजे मानवाच्या निर्मितीनंतरचं, मानवानं केलेल्या निर्मितीचं. त्यातही कोणी शब्द गात नाही.

या दोन अल्बमांत ऐकणाऱ्याला ‘हा कोण गातोय?’ असं विचारावंसं वाटत नाही. विषय, ध्वनी आणि आवाज एकमेकांना धरून आहेत. ब्रिटनमध्ये त्याच दोन वर्षांत पंकची लाट आली होती. तीन तारा झोडपणारी पोरं या चकचकीत, हिशेबी संगीतावर तोंड टाकत होती. तरीही प्रोजेक्ट चढत गेला. त्याचा श्रोता मैफलीला जाणारा नव्हताच. तो घरी चांगले स्पीकर बाळगणारा, दिवा मालवून एका बैठकीत पूर्ण रेकॉर्ड ऐकणारा होता.

*

आता त्याच लोकांचं दुसरं एक काम बघू. १९७८ साली केट बुशचा पहिला अल्बम ‘द किक इनसाइड’ आला. निर्माता अँड्र्यू पॉवेल. गिटारवर इयन बेर्न्सन, बासवर डेव्हिड पेटन, ड्रमवर स्टुअर्ट एलियट. म्हणजे जवळपास आख्खा प्रोजेक्टच. ‘वदरिंग हाइट्स’च्या शेवटी लांबत जाणारी ती गिटार बेर्न्सनची आहे. हेच हात पार्सन्सच्या रेकॉर्डवर नेटकेपणानं, नेमून दिल्यासारखे वाजतात. केट बुशच्या मागे ते एका हट्टी, विलक्षण एकोणीस वर्षांच्या मुलीला सांभाळत, तिच्यामागे धावत वाजवतात. कौशल्य तेच. फक्त इथे मध्यभागी एक व्यक्ती आहे.

प्रोजेक्टला व्यक्ती नको होती. तिची जागा विषयानं भरून काढायची होती आणि ते जमलं तोवर उत्तम जमलं. पण ‘पिरॅमिड’ (१९७८) आणि ‘ईव्ह’ (१९७९) यांत पडदा विरळ होताना दिसतो. पिरॅमिडमध्ये काही गूढ शक्ती असते, असं वेड त्या काळात पसरलं होतं. त्या वेडावर बेतलेला अल्बम त्या वेडाइतकाच टिकला. ‘ईव्ह’ हा स्त्रियांविषयीचा अल्बम, पण त्यात पुरुषांच्या तक्रारीच जास्त ऐकू येतात. त्याच अल्बममध्ये ‘डोन्ट होल्ड बॅक’ क्लेअर टॉरी गाते. ही तीच गायिका, जिला पार्सन्सच्या शिफारशीवरून ‘डार्क साइड’साठी बोलावलं गेलं आणि जिनं ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये शब्दांविना आकांत मांडला. त्या सत्राचे तिला ३० पौंड मिळाले. २००४ साली तिनं दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि सहरचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. आवाज द्यायचा आणि नाव मागायचं नाही, या स्टुडिओच्या रिवाजाची किंमत काय असते, हे या एका गायिकेच्या उदाहरणात दिसतं. पार्सन्सनं तो रिवाज ३५ पौंडांच्या पगारावर स्वतः सोसला होता. आता अल्बमच्या कव्हरवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि तो रिवाज दुसऱ्यांच्या वाट्याला येत होता.

१९७९ सालचीच आणखी एक गोष्ट. अरिस्टा या कंपनीशी कराराची ओढाताण चालू होती. देणं असलेला अल्बम म्हणून दोघांनी घाईघाईत एक वाद्यसंगीताची रेकॉर्ड उरकली. नाव ‘द सिसिलियन डिफेन्स’, म्हणजे बुद्धिबळातला एक बचाव. रचनांना नावंही चालींचीच. कंपनीनं ती प्रसिद्ध केली नाही. २०१४ साली सगळ्या अल्बमांच्या संचात ती अखेर बाहेर आली. ती ऐकताना कळतं, की या मंडळींचं यंत्र किती तेल-पाणी केलेलं होतं. मनात काहीही नसताना ते चालू शकत होतं. सूर बरोबर, मिक्सिंग स्वच्छ आणि आत काही नाही. त्या वेळी ती एक चाल होती. पण काही वर्षांनी हीच अवस्था खऱ्या अल्बमांवर यायची होती.

*

मधे मात्र सर्वांत मोठं यश आलं, आणि ते ठरवलेल्या नियमाबाहेरून आलं.

वुल्फसन प्रत्येक गाणं आधी स्वतः गाऊन ठेवत असे. गायकाला चाल कळावी म्हणून केलेलं हे कच्चं मुद्रण, ज्याला स्टुडिओत गाइड व्होकल म्हणतात. ते पुसण्यासाठीच असतं. ‘द टर्न ऑफ अ फ्रेंडली कार्ड’ (१९८०) या जुगारावरच्या अल्बममध्ये ‘टाइम’ हे गाणं वुल्फसनच्याच आवाजात ठेवलं गेलं. पिंक फ्लॉइडच्या गाण्याशी याचा नावापलीकडे संबंध नाही. संथ, निरोपाचं गाणं. ते अमेरिकेत पंधराव्या क्रमांकावर गेलं. दोन वर्षांनी ‘आय इन द स्काय’ (१९८२). शीर्षकगीत पार्सन्सला सुरुवातीला आवडलंच नव्हतं, हे तो स्वतः मान्य करतो. तेही वुल्फसननंच गायलं आणि ते तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. अल्बम सातव्या. आधी ‘सिरियस’ ही वाद्यरचना चढत जाते आणि न थांबता गाण्यात मिसळते. शिकागोच्या मैदानात वाजते ती हीच. तिथे पुढचं गाणं सुरू होत नाही, पण ज्यांनी रेकॉर्ड ऐकली आहे त्यांच्या कानांत ते आपोआप सुरू होतं.

वुल्फसनचा आवाज मोठा नाही. त्यात जॉन माइल्सची फेक नाही, लेनी झकाटेकचा धसमुसळेपणा नाही, कॉलिन ब्लनस्टोनचा मखमली श्वास नाही. तो सपाट, किंचित थकलेला, समोरच्यावर लादला न जाणारा आवाज आहे. पाळत ठेवणाऱ्या डोळ्याचं गाणं एखाद्या दमदार गायकानं गायलं असतं तर ती धमकी झाली असती. वुल्फसन ते असं म्हणतो, की सगळं पाहून झालेल्या माणसाला आता रागही येत नाही. ‘सायलेन्स अँड आय’मध्ये तर हा आवाज प्रोजेक्टच्या सगळ्या थाटामाटाच्या विरोधात उभा राहतो. सुरुवातीला फक्त तो आणि थोडी साथ. मधे पॉवेलचा वाद्यवृंद अचानक भरधाव सुटतो, पितळी वाद्यं उधळतात आणि मग सगळं ओसरून पुन्हा तोच एकटा आवाज. दहा अल्बमांत मला सर्वांत जास्त माणसासारखा वाटणारा क्षण हाच.

नटांविना चालणाऱ्या या नाटकाला अशा रीतीनं नट मिळाला. तो पटकथाकार स्वतःच होता, हा पेच. ऐकणाऱ्यांना आता या नावामागे एक आवाज ऐकू येऊ लागला आणि त्यांनी साहजिकच तो आवाज ॲलन पार्सन्सचा धरला. नाव तर तेच होतं! गाण्यांच्या श्रेयात दोघांची नावं शेजारी-शेजारी असत. वुल्फसनचा हुद्दा वर ‘कार्यकारी निर्माता’ असाही असे. पण कॅसेटच्या पाठीवरची बारीक अक्षरं कोण वाचतो? ‘प्रोजेक्ट’ हे मुळात कामापुरतं घेतलेलं नाव होतं. ते तसंच चिकटलं आणि त्यात दोघांपैकी एकच राहिला.

*

एमटीव्ही सुरू झालं १९८१ साली. चेहरा नसलेल्या मंडळींनी व्हिडिओ काय करायचा? ‘अमोनिया ॲव्हेन्यू’ (१९८४) मधल्या ‘डोन्ट आन्सर मी’साठी त्यांनी जुन्या गुप्तहेर-चित्रकथेच्या शैलीतला ॲनिमेशनपट केला. तो खरोखर चांगला आहे, आणि त्यात गाणाऱ्याला दिसावं लागत नाही. गाणं पुन्हा वुल्फसनचंच, पुन्हा पंधराव्या क्रमांकावर. त्या अल्बममधल्या नऊपैकी चार गाण्यांत त्याचा आवाज आहे. शीर्षकाचा उगम इंग्लंडच्या ईशान्येला बिलिंगहॅम इथल्या रासायनिक कारखान्यात होता. वुल्फसन तिथे गेला होता, तेव्हा झाडं नाहीत, माणसं नाहीत, नुसत्या नळ्या, आणि मधे ‘अमोनिया ॲव्हेन्यू’ अशी रस्त्याची पाटी, असं दृश्य त्याला दिसलं. विज्ञान आणि सामान्य माणूस यांच्यातल्या गैरसमजावर हा अल्बम आहे. डोळ्यांपुढे उभा राहील असा पडदा त्यांना इथे बऱ्याच काळानं सापडला होता.

नंतर तो हरवला. ‘व्हल्चर कल्चर’ (१९८५) हा चंगळवादावर टीका करणारा अल्बम आहे, पण ज्या गुळगुळीत ध्वनीवर टीका व्हायला हवी होती, तोच ध्वनी त्यानं अंगावर घेतला आहे. पॉवेलचा वाद्यवृंद नाही. मोकळा श्वास घेणारी वाद्यसंगीताची जागा जवळजवळ नाही. बिलबोर्डवर ४६वा क्रमांक. त्याच सुमारास आलेल्या ‘स्टीरिऑटमी’चं शीर्षक पोच्या ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’मधून उचललेलं. दगड विशिष्ट आकारात कापण्याची विद्या असा त्याचा अर्थ. प्रसिद्धी माणसाला कशी कापून-तासून वेगळ्याच आकारात बसवते, हा विषय. प्रोजेक्टसाठी याहून जवळचा विषय दुसरा असू शकत नव्हता, आणि नेमक्या याच अल्बमवर वुल्फसन एकही गाणं गात नाही. ‘लाइमलाइट’ हे प्रकाशझोतावरचं गाणं गॅरी ब्रुकरला दिलं आहे. तो ते सुरेख गातो. पण आधीच्या तीन अल्बमांनी आपल्याला त्या गाण्यात कोण असायला हवं होतं हे शिकवून ठेवलं आहे, आणि तो माणूस तिथे नाही. क्रमांक ४३. जुन्या नियमाकडे परतायचा प्रयत्न होता, पण एकदा आवाज ओळखीचा झाला की तो नाही हेही ऐकू येतं.

‘गाउदी’ (१९८७) हा शेवटचा. बार्सिलोनाच्या सग्रादा फमिलिया चर्चवर आयुष्य घालवून ते अपुरं ठेवून गेलेला वास्तुविशारद. त्याच्यानंतर शेकडो हातांनी काम चालू ठेवलं, नाव मात्र गाउदीचंच राहिलं. हा विषय वुल्फसननं का निवडला असेल, याचा फार विचार करावा लागत नाही. ‘क्लोजर टू हेवन’मध्ये त्याचा आवाज परत येतो आणि अल्बममधल्या सर्वांत शांत जागा तिथेच आहेत. जॉन माइल्सनं गायलेलं सुरुवातीचं लांबलचक गाणं घंटा, कोरस आणि भव्यतेनं इतकं भरलं आहे, की त्याला रेकॉर्डमध्ये मावत नसल्यासारखं वाटतं. ते रंगमंच मागतं. क्रमांक ५७.

पुढे तेच झालं. अकरावा अल्बम फ्रॉइडवर करायचा होता. वुल्फसनला त्याचं संगीत-नाटक करायचं होतं. ‘फ्रॉइडियाना’ डिसेंबर १९९० मध्ये व्हिएन्नाच्या थिएटर आन देर वीनमध्ये रंगमंचावर आलं. अल्बमही त्याच वर्षी निघाला, निर्माता पार्सन्सच होता, पण कव्हरवर प्रोजेक्टचं नाव नव्हतं. त्यानंतर दोघांनी एकत्र अल्बम केला नाही.

*

वेगळे झाल्यावर पार्सन्स मैफली करू लागला. जो प्रोजेक्ट आपल्या काळात दौऱ्यावर कधी गेलाच नाही, त्याची गाणी घेऊन तो देशोदेशी फिरला. वुल्फसननं ‘गाउदी’, ‘गॅम्बलर’, ‘पो’ अशी संगीत-नाटकं केली, मुख्यतः जर्मनीत. रेकॉर्ड स्वयंपूर्ण असते, तिला मंच लागत नाही, या विश्वासावर दोघांनी पंधरा वर्षं काम केलं होतं. आणि वेगळे होताच दोघंही मंचावर गेले. मला यात विरोधाभासापेक्षा भूक जास्त दिसते. एकाला टाळ्या प्रत्यक्ष ऐकायच्या होत्या. दुसऱ्याला आपली गाणी आपल्या नावानं, गाणाऱ्या नटांच्या तोंडून उजेडात बघायची होती. ही भूक सुरुवातीपासून होती. विषय मोठे होते तोवर ती झाकली गेली.

निर्मात्यालाच कर्ता मानण्याची ही कल्पना चूक नव्हती. आज लॅपटॉपवर गाणं रचणारा, पाहुणे गायक बोलावणारा आणि स्वतःच्या नावानं अल्बम काढणारा निर्माता सगळीकडे दिसतो. त्या बाबतीत वुल्फसन काळाच्या पुढे होता. त्याची चूक, किंवा त्याचं दुर्दैव म्हणू, वेगळ्या ठिकाणी होतं. सिनेमाचा दाखला देताना त्यानं दिग्दर्शकाची खुर्ची मित्राला दिली आणि स्वतः पटकथाकाराच्या जागी बसला. सिनेमात पटकथाकाराचं काय होतं, हे तो विसरला. पार्सन्सवर ढापल्याचा आरोप मला करवत नाही. त्या ध्वनीची स्वच्छता, ते अवकाश, एकेका वाद्याभोवतीची हवा त्याचीच आहे. त्याच्याशिवाय ही गाणी कोणत्या तरी वहीत राहिली असती. पण हिशेब न्याय्य होता असंही म्हणवत नाही.

२००९ साली वुल्फसननं एक अल्बम काढला. प्रोजेक्टच्या काळातली मागे राहिलेली आणि नाकारली गेलेली गाणी त्यानं स्वतः गायली. शीर्षकाचा अर्थ साधारण असा : ‘कधी झालाच नाही असा ॲलन पार्सन्स प्रोजेक्ट, गायक एरिक वुल्फसन’. एका ओळीत दोन्ही नावं, आणि आधी त्याचं. त्याच वर्षी २ डिसेंबरला कर्करोगानं त्याचं निधन झालं. २०१९ साली ‘आय इन द स्काय’च्या पस्तिसाव्या वर्षाच्या आवृत्तीला सराउंड ध्वनीसाठी ग्रॅमी मिळालं. ते पार्सन्सचं पहिलं ग्रॅमी, आणि ते ध्वनीसाठी मिळावं हे योग्यच झालं.

नव्यानं ऐकणाऱ्यानं ‘आय रोबॉट’पासून सुरुवात करावी आणि मग ‘आय इन द स्काय’ घ्यावा. पहिल्यात कोणीच नाही आणि काही उणंही वाटत नाही. दुसऱ्यात कोणीतरी आहे, आणि ऐकून झाल्यावर त्याचं नाव शोधावंसं वाटतं. ते कव्हरच्या मागे, लहान अक्षरांत आहे.